भ्रूणीय मूलपेशींमध्ये जनुकं गप्प कशी राहतात: पॉलिकोम्ब प्रथिनांचं काम सोलापुरातल्या प्रयोगशाळेत तपासताना

सोलापूर, बार्शी, पंढरपूर भागातल्या महाविद्यालयांत जैवतंत्रज्ञान शिकणाऱ्या आणि पीएच.डी.साठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हा लेख आहे. उंदराच्या भ्रूणीय मूलपेशी वाढवायच्या, त्यांच्यातल्या पॉलिकोम्ब प्रथिनांचं, म्हणजे जनुकं दाबून ठेवणाऱ्या प्रथिनांच्या गटाचं, काम औषधाने थांबवायचं आणि एखादं जनुक खरोखर त्या प्रथिनांमुळे बंद होतं का हे तपासायचं, असा हा प्रयोग आहे. क्रोमॅटिनवर, म्हणजे डीएनए आणि त्याच्याशी बांधलेल्या प्रथिनांवर, एखादी रासायनिक खूण दिसली की जनुक त्या खुणेमुळेच बंद आहे असा निष्कर्ष घाईने काढला जातो. खूण पुसून पाहिल्याशिवाय तो निष्कर्ष काढता येत नाही. पुढची सगळी आखणी याच एका मुद्द्याभोवती आहे.

आधी यंत्रणा समजून घ्या

सुमारे १४७ बेस-जोड्यांचा डीएनए आठ हिस्टोन प्रथिनांच्या गठ्ठ्याभोवती गुंडाळला की एक न्यूक्लिओसोम होतो. या हिस्टोनच्या शेपट्यांवर एन्झाइम रासायनिक खुणा करतात. सोलापुरी चादरीच्या जॅकार्ड मागावर ताणा तोच असतो, पण कोणता धागा उचलायचा हे छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ ठरवते. डीएनए आणि हिस्टोनवरच्या खुणा यांचं नातं साधारण तसं आहे. फरक एवढाच की इथली माळ प्रत्येक पेशीविभाजनानंतर नव्याने लिहावी लागते. प्रयोगाच्या दृष्टीने हा फरक फार कामाचा आहे, ते पुढे दिसेल.

मूलपेशींमध्ये विकासाची जनुकं दाबून ठेवणारी दोन मुख्य संकुलं आहेत. पहिलं पीआरसी२. त्यात इझेडएच२ हे एन्झाइम, ईईडी, एसयूझेड१२ आणि आरबीबीपी४ किंवा ७ असतात. ते हिस्टोन एच३च्या २७व्या लायसीनवर तीन मिथाइल गट बसवतं. या खुणेचं पूर्ण नाव एच३के२७एमई३. पुढे आपण तिला के२७ खूण म्हणू. मिथाइल गट येतो एस-अॅडेनोसिल मेथिओनीनकडून. ईईडीमध्ये एक खोबण आहे, ती आधीच लागलेली के२७ खूण ओळखते आणि इझेडएच२चा वेग वाढवते. त्यामुळे एकदा रुजलेली खूण शेजारच्या न्यूक्लिओसोमवर पसरते.

दुसरं पीआरसी१. यातलं रिंग१बी हे प्रथिन हिस्टोन एच२एच्या ११९व्या लायसीनवर एक युबिक्विटिन लावतं. ही के११९ खूण. पीआरसी१चे प्रकार बरेच आहेत. सीबीएक्स७ असलेला प्रकार के२७ खूण वाचून तिथे बसतो. केडीएम२बी असलेला प्रकार के२७ खुणेची वाट पाहत नाही, तो मिथाइल नसलेल्या सीपीजी बेटांवर, म्हणजे सी-जी जोड्या दाट असलेल्या डीएनएच्या पट्ट्यांवर, थेट जातो. उलट पीआरसी२मधलं जॅरिड२ के११९ खूण ओळखतं. म्हणजे दोन्ही संकुलं एकमेकांना बोलावतात. म्हणूनच एकाला थांबवून दुसऱ्याकडे न पाहणारा प्रयोग अर्धाच राहतो.

या पेशींमध्ये विकासाच्या अनेक जनुकांच्या सुरुवातीला के२७ ही दाबणारी खूण आणि एच३के४एमई३ (पुढे के४ खूण) ही चालू जनुकांवरची खूण एकत्र सापडते. २००६ साली ही दुहेरी अवस्था ठळकपणे मांडली गेली. जनुक बंद असतं, पण इशारा मिळताच चालू होऊ शकेल अशा तयारीत असतं.

पॉलिकोम्बखेरीज दुसऱ्याही व्यवस्था आहेत. जिनोममध्ये घुसून बसलेले जुने रेट्रोव्हायरस एसईटीडीबी१ आणि ट्रिम२८ ही जोडी एच३के९एमई३ खूण लावून दाबते. शिवाय थेट डीएनएवर मिथाइल गट बसणं, म्हणजे डीएनए मिथिलेशन, वेगळं. आपण निवडलेलं जनुक यातल्या कोणत्या व्यवस्थेखाली येतं हे प्रयोगाआधी ठरवा. आयएपी नावाच्या रेट्रोव्हायरसच्या तुकड्यावर के२७ खूण शोधत बसलात तर हाती काही लागणार नाही.

परवानग्या आणि सामान

उंदराच्या पेशींसाठी संस्थेच्या जैवसुरक्षा समितीची मान्यता घ्या. मानवी भ्रूणीय पेशींचा विचार असेल तर आयसीएमआर आणि डीबीटीच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार मूलपेशी संशोधनाची स्वतंत्र संस्थात्मक समिती लागते, आणि ती राष्ट्रीय समितीकडे नोंदलेली असावी लागते. पहिल्यांदाच हे काम करणाऱ्यांनी उंदराच्या पेशींवरच हात बसवावा. त्या लवकर वाढतात आणि सुट्या केल्या तरी सहसा मरत नाहीत.

फीडर पेशींशिवाय, म्हणजे खाली आधाराला दुसऱ्या पेशींचा थर न लागता, वाढणारी ई१४ ही वंशावळ सोयीची. गोठवलेली कुपी सोलापुरात पोचेपर्यंत कोरडा बर्फ पुरेल याची पाठवणाऱ्याकडून खात्री करून घ्या आणि शनिवारी पोचेल असं पार्सल कधीही मागवू नका. द्रव नायट्रोजनची सोय नसेल तर जनावरांच्या कृत्रिम रेतनासाठी जिल्ह्यात त्याचा नियमित पुरवठा होत असतो. त्या मार्गाची चौकशी करा. इन्क्युबेटर आणि उणे ८० अंशाचा फ्रीझर यूपीएस किंवा जनरेटरवर असलाच पाहिजे. बोअरचं जड पाणी थेट डिस्टिलेशनला लावलं तर यंत्रात क्षार साचतात, म्हणून आधी आरओ, मग डीआयोनायझर. क्यूपीसीआरसाठी (डीएनए किती आहे हे मोजणारी पीसीआर) मात्र न्यूक्लिएझमुक्त पाण्याची बाटली विकतच घ्या.

पेशी वाढवणं

प्लेटवर ०.१ टक्के जिलेटिन घालून किमान १५ मिनिटं ठेवा. माध्यम असं: जास्त ग्लुकोजचं डीएमईएम, मूलपेशींसाठी तपासलेला गाईच्या भ्रूणाचा सिरम १५ टक्के, ग्लुटामीन २ मिलिमोलर, पायरुव्हेट १ मिलिमोलर, अनावश्यक अमिनो आम्लं ०.१ मिलिमोलर, बीटा-मर्कॅप्टोइथेनॉल ०.१ मिलिमोलर आणि पेशींना मूलपेशी अवस्थेत ठेवणारं एलआयएफ प्रथिन मिलिलिटरला १००० युनिट. तापमान ३७ अंश, कार्बन डायऑक्साइड ५ टक्के. माध्यम रोज बदला, दर दोन दिवसांनी पेशी १:६ ते १:८ प्रमाणात वाटा. वसाहती घुमटासारख्या, चकचकीत कडांच्या दिसायला हव्यात. कडेने सपाट पेशी पसरू लागल्या तर विभेदन, म्हणजे विशिष्ट प्रकारच्या पेशींत रूपांतर, सुरू झालं आहे आणि ती प्लेट या प्रयोगाला निरुपयोगी आहे.

दोन इनहिबिटरचं सिरममुक्त माध्यम, म्हणजे २आय, हल्ली पुष्कळांना आवडतं. त्यात पेशी एकसारख्या दिसतात हे खरं. पण त्या माध्यमात विकासाच्या जनुकांवरची के२७ खूण बरीच घटते आणि डीएनए मिथिलेशनही उतरतं. दुहेरी अवस्थेतली जनुकं तपासायची असतील तर सिरम आणि एलआयएफ वापरा. एका माध्यमातल्या कंट्रोलची दुसऱ्या माध्यमातल्या नमुन्याशी तुलना कधीच करू नका. मायकोप्लाझ्माची पीसीआर चाचणी दर महिन्याला करा. संसर्ग असलेल्या पेशी बाहेरून धडधाकट दिसतात, पण त्यांच्या जनुकांची पातळी बदललेली असते.

खूण पुसणं

इझेडएच२ला अडवणारी औषधं विकत मिळतात. टाझेमेटोस्टॅट, म्हणजेच ईपीझेड-६४३८, १ मायक्रोमोलर वापरा. १० मिलिमोलर साठ्यातून दहा हजारपट सौम्य केलं की डीएमएसओ (औषध ज्यात विरघळवलेलं असतं तो द्रव) ०.०१ टक्केच राहतो. कंट्रोल प्लेटमध्येही तेवढाच डीएमएसओ घाला. औषध रोज ताज्या माध्यमातून द्या आणि ५ दिवस चालू ठेवा.

५ दिवस का? औषध नवीन खूण लागू देत नाही, पण जुनी पुसत नाही. जुनी खूण पेशी विभागताना नव्या हिस्टोनमुळे विरळ होते, काही प्रमाणात डीमिथिलेझ एन्झाइम ती काढतात. भ्रूणीय मूलपेशी साधारण १२ ते १५ तासांत दुप्पट होतात, म्हणून ५ दिवसांत पुरेशा फेऱ्या होतात. २४ तासांत नमुना घेऊन औषध चालत नाही असं ठरवणं ही नेहमीची चूक आहे. पेशी फार दाट होऊन विभाजन मंदावलं तरी खूण रेंगाळते.

आणखी एक अडचण: इझेडएच२ बंद झालं तरी इझेडएच१ थोडी खूण राखू शकतं. त्यासाठी एका प्लेटवर ईईडीच्या खोबणीत बसणारं ईईडी२२६ वापरून पाहा. दोन वेगळ्या जागी काम करणाऱ्या औषधांनी सारखाच परिणाम दिला तर तो औषधाच्या आनुषंगिक गुणाचा नाही याची बरीच खात्री होते.

खूण खरंच गेली का हे पुढे जाण्याआधी वेस्टर्न ब्लॉटने पाहा. केंद्रकं वेगळी करून ०.२ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात ४ अंशांवर रात्रभर ठेवून हिस्टोन काढा, १५ टक्के जेलवर चालवा, ०.२ मायक्रॉन छिद्रांच्या नायट्रोसेल्युलोजवर उतरवा. ०.४५ मायक्रॉनच्या पडद्यातून हिस्टोनसारखी लहान प्रथिनं आरपार निसटतात. एच३ची पट्टी सुमारे १७ किलोडाल्टनला येते. तुलनेसाठी एकूण एच३ घ्या. अॅक्टिन या अर्कात नीट येत नाही.

चिप: क्रोमॅटिन पकडून मोजणं

चिप म्हणजे ठरावीक खूण असलेलं क्रोमॅटिन अँटिबॉडीने पकडून त्यातला डीएनए मोजणं. सगळ्यात जास्त वेळ आणि सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून सावकाश वाचा.

*जोडबंध.* इथे प्रथिनं डीएनएला जिथल्या तिथे बांधायची. १० सेंटिमीटरच्या प्लेटमधल्या १० मिलिलिटर माध्यमात मिथेनॉलमुक्त १६ टक्के फॉर्माल्डिहाइड ६६७ मायक्रोलिटर घाला, म्हणजे अंतिम प्रमाण १ टक्का होतं. हे काम फ्यूम हूडमध्येच करा. हलवत १० मिनिटं ठेवा. पुस्तकांत ‘खोलीच्या तापमानाला’ असं लिहिलेलं असतं, ते २० ते २५ अंशांचं तापमान आहे. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो आणि एसी नसलेल्या खोलीत तीच १० मिनिटं जास्तीची ठरतात. बंध अति झाले की क्रोमॅटिन तुटत नाही आणि अँटिबॉडी जिथे बसायची ती जागाही झाकली जाते. माध्यम आणि खोली २५ अंशांवर आणूनच सुरू करा. मग २.५ मोलर ग्लायसीन ५६० मायक्रोलिटर घालून ५ मिनिटं थांबा. थंड पीबीएसने दोनदा धुवा, खरवडून गोळा करा, प्रोटिएझ इनहिबिटर घाला. या टप्प्यावर ट्रिस बफर नको, कारण ते फॉर्माल्डिहाइडशी अभिक्रिया करतं. पेशी मोजून १ कोटीचे भाग करा. द्रव नायट्रोजनमध्ये झटकन गोठवले तर हे गोळे उणे ८० अंशांवर टिकतात.

*तोडणं.* १ कोटी पेशी ३०० मायक्रोलिटर बफरमध्ये विरघळवा: एसडीएस १ टक्का, ईडीटीए १० मिलिमोलर, ट्रिस ५० मिलिमोलर, पीएच ८.१. बर्फावर एसडीएसचे स्फटिक धरतात, म्हणून नळी बर्फावर १० मिनिटांहून जास्त ठेवू नका. सोनिकेटर ३० सेकंद चालू, ३० सेकंद बंद. किती फेऱ्या हे तुमच्या यंत्रावर तुम्हीच ठरवा: ५, १०, १५, २० फेऱ्यांनंतर थोडा नमुना काढा. त्यात मीठ २०० मिलिमोलर करून ६५ अंशांवर किमान ४ तास ठेवा, आरएनेझ आणि प्रोटिनेझ-के द्या, मग १.५ टक्के अॅगरोजवर पाहा. तुकडे २०० ते ५०० बेस-जोड्यांचे हवेत. बंध न सोडता जेल चालवलं तर तुकडे आहेत त्यापेक्षा मोठे दिसतात आणि माणूस उगाच आणखी फेऱ्या मारतो. बाथ सोनिकेटरला चिलर नसेल तर दर ५ फेऱ्यांनी बर्फ बदला. प्रोबचं टोक वर आलं तर फेस होतो, आणि फेसात क्रोमॅटिन तुटत नाही. शेवटी १६,००० जी वेगाने १० मिनिटं फिरवून वरचा भाग घ्या.

सोनिकेटर नाही म्हणून विषय सोडू नका. हिस्टोनवरच्या खुणांसाठी फॉर्माल्डिहाइड न वापरता मायक्रोकॉकल न्यूक्लिएझने क्रोमॅटिन कापता येतं. कॅल्शियम क्लोराइड १ ते ३ मिलिमोलर, ३७ अंशांवर सुमारे ५ मिनिटं, आणि १० मिलिमोलर ईडीटीएने थांबवायचं. एन्झाइमचं प्रमाण मात्र दर नव्या बाटलीला पुन्हा ठरवावं लागतं. के२७ खुणेला ही पद्धत उत्तम आहे, लहान महाविद्यालयांनी खरं तर हीच आधी घ्यावी. स्वतः इझेडएच२ किंवा रिंग१बी कुठे बसलंय हे पाहायचं असेल तर मात्र जोडबंध केलेलाच बरा.

*पकडणं.* एका नळीला १० लाख पेशींचं क्रोमॅटिन, म्हणजे आपल्या हिशेबात ३० मायक्रोलिटर. एन्झाइम-संकुलांसाठी ५० लाख ते १ कोटी पेशी लागतात. एसडीएस ०.१ टक्क्यावर यावं म्हणून दहापट सौम्य करा. सौम्य करण्याच्या बफरमध्ये ट्रायटन १.१ टक्के, मीठ १६७ मिलिमोलर, ट्रिस १६.७ मिलिमोलर, ईडीटीए १.२ मिलिमोलर असावं. सगळ्या नळ्यांसाठी एकत्र सौम्य करून त्यातलं ३० मायक्रोलिटर इनपुट, म्हणजे न पकडलेला तुलनेचा नमुना, म्हणून बाजूला काढा, ते १० टक्के होतं. १ टक्का काढण्याची पद्धतही आहे, पण ३ मायक्रोलिटर अचूक उचलणं अवघड आणि ती चूक शेवटच्या आकड्यापर्यंत जाते.

नळ्या चार: के२७ खूण, के११९ खूण, एकूण एच३ आणि नुसतं आयजीजी (यातली कोणतीच खूण न ओळखणारी अँटिबॉडी). के२७साठी सी३६बी११ आणि के११९साठी डी२७सी४ हे सशाचे मोनोक्लोनल क्लोन खात्रीचे आहेत. मोनोक्लोनल घ्या म्हणजे लॉट बदलला तरी निकाल फारसा बदलत नाही. प्रत्येक नळीला २ ते ५ मायक्रोग्रॅम अँटिबॉडी, ४ अंशांवर रात्रभर फिरवत. सकाळी प्रोटीन ए/जीचे चुंबकीय मणी २५ मायक्रोलिटर, २ तास. मग धुणं, प्रत्येकी ५ मिनिटं: १५० मिलिमोलर मिठाचं बफर, ५०० मिलिमोलर मिठाचं, २५० मिलिमोलर लिथियम क्लोराइडचं, आणि टीई दोनदा. पहिल्या टीईनंतर मणी नव्या नळीत घ्या. प्लॅस्टिकला चिकटलेला डीएनए ही पार्श्वभूमी वाढण्याची मोठी वाट आहे.

एसडीएस १ टक्का आणि सोडियम बायकार्बोनेट ०.१ मोलर यांत ६५ अंशांवर १५ मिनिटं, दोनदा, असं करून डीएनए सोडवा. मीठ २०० मिलिमोलर करून ६५ अंशांवर रात्रभर, मग आरएनेझ, प्रोटिनेझ-के आणि कॉलम. इनपुटलाही हेच सगळं करा आणि दोन्ही ५० मायक्रोलिटरमध्येच काढा.

क्यूपीसीआर आणि हिशेब

८० ते १५० बेस-जोड्यांचे प्राइमर घ्या, कार्यक्षमता ९० ते ११० टक्के. के२७ खूण हमखास सापडणाऱ्या जागा म्हणजे गाटा४, गाटा६ आणि हॉक्स समूहातली हॉक्सडी११सारखी जनुकं. जिथे ती नसावी अशा जागा: बीटा-अॅक्टिन आणि ऑक्ट४चे प्रमोटर.

हिशेब असा. इनपुट १० टक्के आहे, म्हणून त्याच्या सीटीतून (संकेत दिसू लागेपर्यंतच्या पीसीआर फेऱ्यांच्या आकड्यातून) ३.३२ वजा करा. समजा गाटा४साठी इनपुटचा सीटी २२.० आणि के२७चा २२.५ आला. २२.० वजा ३.३२ म्हणजे १८.६८. त्यातून २२.५ वजा केले की उणे ३.८२. दोनचा उणे ३.८२वा घात ०.०७१, म्हणजे ७.१ टक्के. अॅक्टिनला त्याच इनपुटवर २८.७ आला तर ०.१ टक्का. एवढं अंतर असेल तर चिप चांगली झाली. मग के२७चा आकडा त्याच जागेच्या एकूण एच३च्या आकड्याने भागा, नाहीतर तिथे न्यूक्लिओसोमच कमी असल्याचा परिणाम खूण कमी असल्यासारखा दिसतो.

आयजीजीमध्येही ०.५ टक्क्याच्या वर येत असेल तर धुणं कमी पडलंय किंवा मणी जास्त झालेत. सगळीकडेच कमी येत असेल तर आधी तुकड्यांचं जेल पुन्हा पाहा, अँटिबॉडीला दोष नंतर द्या. अॅक्टिन आणि गाटा४ दोन्ही सारखेच वर असतील तर क्रोमॅटिन फार घातलंय.

हाच नमुना पुढे पुण्या-मुंबईला सिक्वेन्सिंगसाठी पाठवणार असाल तर आधीच फ्रुटफ्लायचं क्रोमॅटिन ठरावीक प्रमाणात मिसळा. औषधाने खूण संपूर्ण जिनोमभर उतरली असताना नेहमीचा हिशेब दोन्ही नमुन्यांचे वाचलेले तुकडे सारखे करून टाकतो आणि घट दिसतच नाही. पाठवून झाल्यावर ही चूक दुरुस्त करता येत नाही.

जनुक जागं झालं का?

त्याच दिवशी, त्याच प्लेट-जोडीतून आरएनए काढा, डीएनेझ द्या, आणि गाटा४, गाटा६, हॉक्सडी११ यांबरोबर मूलपेशी अवस्था दाखवणारी ऑक्ट४ आणि नॅनोग ही जनुकंही मोजा. ऑक्ट४ पडलं असेल तर पेशी विभेदित होताहेत आणि गाटा जनुकं वर येण्याचं कारण भलतंच असू शकतं.

इथे निराशा वाट्याला येऊ शकते. ब्लॉटवर के२७ खूण जवळजवळ गेलेली, चिपमध्येही गेलेली, आणि जनुक थोडंसंच वर. प्रयोग फसला असं समजू नका. खूण काढणं म्हणजे अडथळा काढणं. जनुक चालवणारी प्रथिनं पेशीतच नसतील तर ते चालू होणार नाही. दुसरं म्हणजे के११९ खूण अजून तिथेच असू शकते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या कामांतून दिसलं की रिंग१बीची एन्झाइम-शक्तीच काढून घेतली की मूलपेशींमधली ही जनुकं खूप जास्त प्रमाणात जागी होतात. म्हणून के११९ची नळी सुरुवातीपासून ठेवायला सांगितली. के२७ गेली, के११९ राहिली, जनुक बंद, हा पूर्ण आणि छापण्याजोगा निकाल आहे.

एका नळीत के४ खूण आणि दुसरीत के२७ खूण सापडली म्हणून जनुक दुहेरी अवस्थेत आहे असं लिहू नका. निम्म्या पेशींमध्ये एक आणि निम्म्यांमध्ये दुसरी असली तरी तसंच दिसतं. एकाने पकडलेलं क्रोमॅटिन सोडवून दुसऱ्या अँटिबॉडीने पुन्हा पकडल्यावरच ते सिद्ध होतं. त्यासाठी सुरुवातीलाच दसपट पेशी लागतात.

किमान तीन वेळा, वेगवेगळ्या पॅसेजच्या पेशींवर सगळं पुन्हा करा. एकाच क्रोमॅटिनच्या तीन पीसीआर विहिरी म्हणजे तीन प्रयोग नव्हेत.

यापुढचा टप्पा आहे औषध धुऊन काढण्याचा. पाचव्या दिवशी अर्ध्या पेशी औषधाशिवायच्या माध्यमात दोनदा धुऊन नव्या प्लेटवर लावा आणि १, २, ४ दिवसांनी के२७ चिप करा. सीपीजी बेटांच्या मधोमध आणि तिथून ५ ते १० हजार बेस-जोड्या दूर असे दोन प्राइमर घ्या. बेटावर खूण आधी परतते आणि बाजूला नंतर. ईईडी काढून पुन्हा आणलेल्या मूलपेशींमध्येही हाच क्रम दिसलेला आहे. त्याच नमुन्यांत आरएनएही मोजा. औषधाखाली वर आलेलं जनुक खूण परतल्यावर पुन्हा खाली गेलं, आणि ऑक्ट४ सगळ्या दिवशी स्थिर राहिलं, तर ते जनुक पीआरसी२च दाबतं असं तुम्ही प्रबंधात लिहू शकता.